वाराची साक्ष

भारताचं संविधान तयार व्हायला किती काळ लागला? स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही अभ्यासिकेत हा प्रश्न विचारला की दोन उत्तरं येतात. कोणी २ वर्षं ११ महिने १७ दिवस सांगतं, कोणी १८ दिवस, आणि दोघांच्याही हातात आपापलं पुस्तक असतं. तारखांबद्दल मात्र कुणाचाच वाद नाही. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं. ९ डिसेंबर १९४६ ते ९ नोव्हेंबर १९४९ ही २ वर्षं ११ महिने झाली. पुढे २६ वजा ९ केले की १७ येतात. पण तेच बोटांवर नऊ, दहा, अकरा करत सव्वीसपर्यंत मोजा, अठरा भरतात. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबरच्या भाषणात १७ दिवस म्हटलं होतं. त्या दिवसापर्यंतच मोजायचं तर वजाबाकीने १६ येतात. पहिल्या बैठकीचा दिवस धरला तरच १७ होतात, आणि त्याच हिशेबाने दुसऱ्या दिवशी १८. सगळा काळ दिवसांत मांडला तर वजाबाकीने १०८३, दोन्ही टोकं धरून १०८४.

दोन तारखांमधले दिवस काढताना होणाऱ्या निम्म्याहून जास्त चुका या एका दिवसाच्या असतात, असं मला वाटतं. त्या गणित कच्चं असल्यामुळे होत नाहीत. आपण दिवस मोजतोय की दोन दिवसांमधलं अंतर, हे आधी ठरलेलं नसतं म्हणून होतात.

आपली भाषा दोन्ही टोकं धरून मोजणारी आहे. 'आठवडा' या शब्दातच आठ बसलेला आहे आणि वार तर सातच. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत बोटं मोजली की आठ होतात, म्हणून सात दिवसांनंतरच्या भेटीला आपण 'आठ दिवसांनी ये' म्हणतो. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे चौदा दिवसांनी, तोच वार धरून. बारसं बाराव्या दिवशी, दहावा-तेरावा ही क्रियाकर्मं, या सगळ्यांत जन्माचा किंवा मृत्यूचा दिवस हा पहिला. सोमवारी मूल जन्मलं तर बारावा दिवस पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी येतो. कॅलेंडरवरच्या तारखेत नुसते बारा मिळवले तर शनिवार येईल आणि पाहुणे एक दिवस उशिरा पोचतील.

बँकेची मोजणी वेगळी. तिथे पैसे ठेवले तो दिवस धरतात, काढले तो धरत नाहीत. याला कारण आहे आणि ते लक्षात घेण्यासारखं आहे. ठेव १८ जूनला संपली आणि त्याच दिवशी पुढे चालू केली, तर १८ जून हा दिवस जुन्या ठेवीचा की नव्या? दोन्हीकडे धरला तर त्या एका दिवसाचं व्याज दोनदा जाईल. १ लाख रुपयांवर ९ टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज २४ रुपये ६६ पैसे होतं. एका खात्यात ते नजरेत भरत नाही, हजारो खात्यांत भरतं. म्हणून जिथे एक तुकडा संपून लगेच दुसरा जोडला जातो, तिथे सांध्यावरचा दिवस एकाच बाजूला द्यायचा. व्याज, भाडं, विमा, लॉजचा मुक्काम हे सगळे या घरातले. याउलट रजेचा अर्ज, शिबिर, उपोषण, परीक्षेचे दिवस सुटे असतात. ५ ते ९ तारीख रजा म्हटली की पाच दिवस, कारण पाचही दिवस माणूस कामावर नसतो. मी तर म्हणेन, हिशेबाच्या आधी कागदावर एक ओळ लिहावी: 'पहिला दिवस धरला आहे' किंवा 'धरलेला नाही'. पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता प्रत्यक्ष मोजणी. महिन्यांचे दिवस मुठीवर मोजायची युक्ती शाळेतच शिकवतात. उंच हाडावर आला तो महिना ३१ चा, खळग्यात आला तो ३० चा, फेब्रुवारी खळग्यातला आणि त्याहून लहान. जुलैला मूठ संपते आणि ऑगस्ट पुन्हा पहिल्या हाडावर येतो, म्हणून ते दोघे लागोपाठ ३१ चे. १८ जून २०२५ ते ७ मार्च २०२६ काढायचं असेल तर जूनचे उरलेले १२, मग ३१, ३१, ३०, ३१, ३०, ३१, ३१, २८ आणि मार्चचे ७. बेरीज २६२. यात चूक होते ती पहिल्याच पायरीला. जूनचे उरलेले १२ की १३? ३० मधून १८ वजा केले की १२ येतात आणि तेव्हा १८ तारीख धरलेली नसते. ती धरायची असेल तर शेवटी एक मिळवावा, मध्येच नाही. मध्ये मिळवलेला एक नंतर आठवत नाही.

लांबच्या मोजणीला याहून भरवशाची रीत म्हणजे प्रत्येक तारखेला वर्षातला क्रमांक द्यायचा. त्यासाठी तो महिना सुरू होण्याआधी किती दिवस गेले ते माहीत हवं: फेब्रुवारीआधी ३१, मार्चआधी ५९, मग ९०, १२०, १५१, १८१, २१२, २४३, २७३, ३०४ आणि डिसेंबरआधी ३३४. हे आकडे घोकायची गरज नाही. गेलेल्या महिन्यांना तीसने गुणा आणि थोडी दुरुस्ती करा. फेब्रुवारीला एक जास्त, मार्चला एक कमी, एप्रिल-मेला काही नाही, जून-जुलैला एक जास्त, ऑगस्टला दोन, सप्टेंबर-ऑक्टोबरला तीन, नोव्हेंबर-डिसेंबरला चार. सप्टेंबरआधी आठ महिने गेले, आठ त्रिक चोवीस म्हणजे २४०, त्यात तीन, २४३. मग १८ जून म्हणजे १५१ अधिक १८, वर्षातला १६९ वा दिवस. वर्ष संपायला १९६ उरले. ७ मार्च हा पुढच्या वर्षातला ६६ वा. १९६ आणि ६६ मिळून २६२. दोन रीतींनी एकच उत्तर आलं की जरा धीर येतो.

खरा धीर मात्र वार देतो. आलेल्या उत्तराला सातने भागा आणि बाकी पहा. २६२ मधून २५९ गेले, उरले तीन. १८ जून २०२५ बुधवार होता. बुधवारनंतर तीन वार म्हणजे शनिवार. भिंतीवरच्या कॅलेंडरात ७ मार्च २०२६ शनिवारच आहे. एका दिवसाची चूक झाली असती तर वार लगेच ओरडला असता. वारांची ही सातची माळ तारखा, महिने, सनावळ्या बदलल्या तरी तुटत नाही. १५८२ साली पोपच्या आज्ञेने ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला, तेव्हाही गुरुवारनंतर शुक्रवारच आला. हिशेबाचा इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही.

लीप वर्षात लोक वर्षाकडे पाहतात, पाहायला हवं २९ फेब्रुवारीकडे. २०२४ लीप वर्ष होतं, तरी १० मार्च २०२४ ते १० मार्च २०२५ हे ३६५ दिवसच, कारण त्या पट्ट्यात २९ फेब्रुवारी येतच नाही. १० मार्च २०२३ ते १० मार्च २०२४ मात्र ३६६. शतकाचं वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप, म्हणून २००० होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. आणि इथे एक्सेलची जुनी खोड सांगायलाच हवी. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ हा क्रमांक देतं आणि ६० वा क्रमांक देतं २९ फेब्रुवारी १९०० ला. असा दिवस कधी उगवलाच नव्हता. लोटस १-२-३ या आधीच्या प्रोग्रॅममध्ये १९०० हे लीप वर्ष धरलेलं होतं आणि त्यातल्या फाइली जुळाव्यात म्हणून ती चूक तशीच ठेवली गेली. १ मार्च १९०० नंतरच्या दोन तारखांची वजाबाकी बरोबरच येते, कारण दोन्हींत तो खोटा दिवस सारखाच मिसळलेला असतो. १५ ऑगस्ट १९४७ चा एक्सेलमधला क्रमांक १७३९४. त्याच्यापुढे ८९५ दिवसांनी २६ जानेवारी १९५०, तिथे काही बिघडत नाही. १९०० च्या आधीच्या तारखा मात्र एक्सेलला तारखा वाटतच नाहीत. त्या नुसता मजकूर म्हणून पडून राहतात.

एक्सेलमध्ये रोज होणारा घोळ वेगळाच असतो. ०३/०४/२०२५ ही आपल्याला ३ एप्रिल, पण संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ४ मार्च. फरक बरोबर तीस दिवसांचा, म्हणजे संशयही येऊ नये असा. त्याच रकान्यातली २५/०४/२०२५ मात्र मजकूर होऊन डावीकडे सरकते, कारण पंचविसावा महिना नसतो. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हिशेब तिथेच थांबवावा. आणखी एक. साधी वजाबाकी पहिला दिवस सोडते, पण कामाचे दिवस मोजणारं 'नेटवर्कडेज' हे सूत्र दोन्ही टोकं धरतं. एकाच तक्त्यात दोन्ही वापरली आणि ताळा जुळला नाही, तर दोष सूत्राचा नाही, दोन मोजण्यांचा आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना आणखी एक खड्डा असतो. तिथे घड्याळ पुढे करतात तो दिवस २३ तासांचा असतो. न्यूयॉर्कमध्ये ८ मार्च २०२५ च्या मध्यरात्रीपासून १० मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत ४७ तासच होतात. त्यांना २४ ने भागून अपूर्णांक टाकला तर दोनाऐवजी एकच दिवस हाती येतो. दिवस तासांनी मोजू नयेत, दिवसांनी मोजावेत.

महिना म्हणजे तीस दिवस नव्हेत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही मुदत मोजताना विसरलं जातं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, तारखेपासून तारखेपर्यंत. त्याच कायद्याचं नववं कलम सांगतं की 'पासून' म्हटलं की पहिला दिवस सुटतो आणि 'पर्यंत' म्हटलं की शेवटचा धरला जातो. दहावं कलम सांगतं की शेवटच्या दिवशी कचेरी किंवा कोर्ट बंद असेल तर पुढच्या उघडण्याच्या दिवशी केलेलं काम मुदतीतलंच. चेक न वटल्याच्या प्रकरणांत हे तिन्ही हिशेब एका ओळीत येतात. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. पहिल्या दोन मुदती दिवसांच्या, तिसरी महिन्याची. सर्वोच्च न्यायालयापुढे १९९९ मध्ये आलेल्या एका प्रकरणात नोटीस २९ सप्टेंबरला मिळाली होती. तो दिवस सोडून पंधरा दिवस १४ ऑक्टोबरला संपले, फिर्यादीचा हक्क १५ ऑक्टोबरला उभा राहिला आणि फिर्याद १५ नोव्हेंबरला दाखल झाली. एक दिवस उशीर झाला, असं समोरच्या बाजूचं म्हणणं. न्यायालयाने १५ ऑक्टोबर सोडून मोजलं आणि फिर्याद मुदतीत ठरवली. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच मोजणी कायम केली.

म्हणून सगळीकडे पहिला दिवस सोडायचा, असं मात्र नाही. तपास ६० किंवा ९० दिवसांत पुरा झाला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. त्या दिवसांत कोठडीत पाठवल्याचा पहिला दिवस धरायचाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ ला ठरवलं. माणूस त्या दिवशीही कोठडीतच असतो. मला हा निर्णय दिवसमोजणीच्या दृष्टीनेही न्यायाचा वाटतो. जो दिवस भोगला तो मोजला गेला पाहिजे.

पैशाच्या बाजारात तर एकाच काळाचे दोन अधिकृत आकडे असतात. सरकारी रोख्यांचं व्याज काढताना दर महिना तीस दिवसांचा आणि वर्ष ३६० चं धरतात. १५ जानेवारी ते १५ जुलै हे तिथे नेहमी १८० दिवस. खरे दिवस १८१, लीप वर्षात १८२. ट्रेझरी बिलांना, म्हणजे सरकारच्या थोड्या मुदतीच्या कर्जाच्या कागदांना, मात्र खरे दिवस आणि ३६५ चं वर्ष. ती ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. तिन्ही आकड्यांना सातने भाग जातो, म्हणून ज्या वारी निघालं त्याच वारी बिल पुरं होतं. मोबाइलच्या २८ दिवसांच्या रिचार्जमागेही हाच सातचा पाढा आहे, पण तिथे ग्राहकाला वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात. तेरा गुणिले २८ म्हणजे ३६४. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा, असे किमान एकेक प्लॅन ठेवायला सांगितलं ते यासाठीच. महिन्याचं बजेट मांडणाऱ्या घरात तेरावा रिचार्ज दिसत नाही, पण पैसे जातात.

गरोदरपणाची मोजणी आपण 'नऊ महिने नऊ दिवस' अशी सांगतो. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रांझ नेगेले यांच्या नावाने चालणारा सोपा नियम असा: तीन महिने मागे जा आणि सात दिवस पुढे या. १० जूनची पाळी असेल तर १७ मार्च. २०२५ चा जून धरून मोजलं तर हे बरोबर २८० भरतात. पण १० मेची पाळी असेल तर नियमाने १७ फेब्रुवारी येते आणि दिवस होतात २८३, कारण मध्ये लहान फेब्रुवारी पुरता येत नाही. तीन दिवसांनी घाबरून जायचं कारण नाही, तारीख हा अंदाजच असतो. पण दवाखान्याच्या चक्रीवरची तारीख आणि बोटांवरची तारीख का जुळत नाही, ते यातून कळतं.

आतापर्यंतचं सगळं इंग्रजी महिन्यांचं. आपले सण तिथीने येतात आणि तिथे दिवस मोजायचे तर मुठीची युक्ती चालत नाही. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबर २०२३, ७ सप्टेंबर २०२४ आणि २७ ऑगस्ट २०२५ ला होती. दोन्ही वेळा मधले दिवस ३५४. त्याआधी ३१ ऑगस्ट २०२२ पासून १९ सप्टेंबर २०२३ पर्यंत मात्र ३८४, कारण मध्ये अधिक श्रावण आला. गणपतीचे दहा दिवस म्हणतो तेही नेहमी दहा नसतात. २०२३ मध्ये चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दोन्ही टोकं धरून दहा भरले, २०२४ आणि २०२५ मध्ये अकरा. तिथी सरासरी दिवसापेक्षा थोडी लहान असते, तीस तिथी साडेएकोणतीस दिवसांत उरकतात, त्यामुळे कधी एखादीचा क्षय होतो तर कधी एखादी दोन सूर्योदय पाहते.

या गोंधळातून दिवसांची नेमकी संख्या काढायला आपल्या ज्योतिषांनी एक साधन केलं होतं. त्याचं नाव अहर्गण, दिवसांचा गण. एक आरंभदिवस ठरवायचा आणि तिथपासून आजपर्यंत किती सूर्योदय झाले ते काढायचं. मग कोणत्याही दोन दिवसांतलं अंतर म्हणजे दोन अहर्गणांची वजाबाकी. युरोपात स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ मध्ये ज्युलियन कालखंड मांडला, त्याच्या आरंभापासून दिवस मोजणारा ज्युलियन दिनांक एकोणिसाव्या शतकात जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने रूढ केला, आणि संगणकाच्या पोटातल्या तारखा आजही अशाच क्रमांकांनी साठवल्या जातात. आपल्याकडे आरंभ कलियुगाचा धरला तर संख्या प्रचंड होते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ही अडचण सोडवली. त्यांच्या 'ग्रहलाघव' ग्रंथात आरंभ शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, आणि काळाचे तुकडे अकरा अकरा वर्षांचे. या तुकड्याला ते चक्र म्हणतात. एका चक्रात १३६ चांद्रमास, म्हणजे ४०१६ दिवस. महाराष्ट्रातली पंचांगं पिढ्यान्‌पिढ्या या ग्रंथावर चालली.

त्यांची रीत २०२५ च्या गणेश चतुर्थीवर चालवून पाहू, कागद-पेन्सिल पुरे. शके १९४७, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. १९४७ मधून १४४२ गेले, ५०५. अकराने भागले, ४५ चक्रं आणि बाकी १०. बाकीला बाराने गुणून १२०, त्यात चैत्रापासून पुरे झालेले महिने पाच, १२५. आता अधिक मास. १२५ मध्ये चक्रांची दुप्पट ९० आणि आणखी १० मिळवा, २२५. तेहतीसने भागा, पूर्ण ६. म्हणजे सहा अधिक मास, एकूण महिने १३१. तीसने गुणून ३९३०. पुऱ्या झालेल्या तिथी तीन, ३९३३. चक्रांचा सहावा भाग ७, एकूण ३९४०. याला ६४ ने भागा, ६१. ते वजा करा. ३८७९. हा झाला त्या दिवसाचा अहर्गण, पंचेचाळीस चक्रांच्या वरचा.

यातला प्रत्येक आकडा का आहे, ते पाहण्यात मला फार आनंद वाटतो. ६४ तिथींत जवळजवळ ६३ दिवस होतात, म्हणून चौसष्टावा भाग कमी करायचा. १३६ चांद्रमासांचे दिवस ४०१६ हून साधारण एक षष्ठांश जास्त भरतात, ती तूट चक्रांच्या सहाव्या भागाने भरून काढली. अकरा वर्षांत अधिक मास चारहून किंचित जास्त होतात, ती किंचित भर चक्रांच्या दुपटीने घातली. आणि 'गत' हा शब्द. तिथी चौथी चालू आहे, पण हिशेबात तीनच घ्यायच्या, कारण पुऱ्या झाल्या तेवढ्याच मोजायच्या. महिनेही गेलेले, चालू भाद्रपद नाही. संविधानाच्या १७ आणि १८ मधला वाद या एका शब्दाने आधीच मिटवलेला आहे.

आणि शेवटी वार. ४०१६ ला सातने भागलं की बाकी पाच राहते, म्हणून चक्रांना पाचने गुणून अहर्गणात मिळवायचं. ४५ पंचे २२५ आणि ३८७९ मिळून ४१०४. सातने भागून बाकी दोन. सोमवारला शून्य धरायचं, एक मंगळवार, दोन बुधवार. २७ ऑगस्ट २०२५ बुधवार होता.

हाच हिशेब शके १९४६ च्या चतुर्थीला लावा, अहर्गण ३५२५ येतो आणि वार शनिवार. तोही बरोबर. ३८७९ मधून ३५२५ गेले, ३५४. शके १९४५ ला मात्र ३१७० येतो आणि वार सोमवार, प्रत्यक्षात चतुर्थी मंगळवारी होती. रीत सरासरी तिथीची आहे, खरी तिथी मागेपुढे सरकते, म्हणून कधीकधी एका दिवसाचा फरक पडणारच. त्यावरचा उपायही तिथेच आहे. वार जुळला नाही तर एक मिळवा किंवा एक वजा करा. ३१७१ केले की अंतर पुन्हा ३५४. वाराची बाकी शेवटी काढायला सांगितली आहे ती यासाठी.

इतिहासाच्या तारखांना तर ही साक्ष फारच लागते. सतराव्या शतकात मुंबई-सुरतेचे इंग्रज जुनी ज्युलियन तारीख लिहीत होते आणि गोव्याचे पोर्तुगीज १५८२ च्या त्या बदलानंतरची नवी ग्रेगोरियन. दोघांत दहा दिवसांचं अंतर. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर लिहून. एकाच प्रसंगाची पत्रं दोन्हीकडून मिळाली तर आधी कोणाचं पत्र कोणत्या कॅलेंडरातलं, ते ठरवावं लागतं. शिवाजी महाराजांच्या प्रचलित तारखा ज्युलियन आहेत. दोन्ही तारखा त्याच पद्धतीच्या असल्या की सरळ वजाबाकी चालते: राज्याभिषेक ६ जून १६७४, निधन ३ एप्रिल १६८०, मधले दिवस २१२८. सातने नि:शेष भाग जातो, आणि दोन्ही दिवस शनिवारच होते. जन्म १९ फेब्रुवारी १६३०, तिथून निधनापर्यंत १८३०६ दिवस. बाकी एक, शुक्रवारनंतर शनिवार.

घोटाळा होतो तो तेव्हाची तारीख आणि आजची तारीख एकत्र आली की. १९ फेब्रुवारी १६३० ते २७ ऑगस्ट २०२५ हे अंतर फक्त ग्रेगोरियन कॅलेंडर जाणणाऱ्या गणकाला विचारलं तर तो १४४४६० सांगेल. बाकी एक, म्हणजे बुधवारच्या आधीचा मंगळवार हा जन्मवार ठरेल. पण तिथी सांगते फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. आता तीच तिथी गणेश दैवज्ञांच्या रीतीत घाला. १५५१ मधून १४४२ गेले, १०९. नऊ चक्रं, बाकी १०. महिने १२० आणि ११, १३१. त्यात १८ आणि १० मिळवून १५९, तेहतीसने भागून ४ अधिक मास. १३५ महिने, ४०५० तिथी. फाल्गुनातल्या गेलेल्या तिथी १७, चक्रांच्या सहाव्या भागाचा १, एकूण ४०६८. चौसष्टावा भाग ६३ वजा, ४००५. नवापाचे ४५ मिळवून ४०५०, सातने भागून बाकी चार. सोमवार शून्य, मंगळ एक, बुध दोन, गुरू तीन, शुक्र चार.

दोन्ही अहर्गणांत आपापल्या चक्रांचे दिवस मिळवले की एक होतो ४०१४९ आणि दुसरा १८४५९९. वजाबाकी १४४४५०.